सत्यभामामावशी आणि बिननावाच्या नळ्या

सत्यभामामावशी रक्ताच्या नळीवर नाव लिहीत नसत, आकडा लिहीत. कुणाची आहे विचारलं तर म्हणत, "माणसाची हाय." पुढं एक शब्द नाही.

किनवटकडच्या एका जंगलगावात त्या आशा वर्कर होत्या. दुष्काळाच्या साली शहरातल्या प्रयोगशाळेची मंडळी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करायला आली. माणसाची सगळी जनुकं वाचणारं यंत्र त्यांच्याकडे होतं, आणि गावाला तर साध्या सुईचं भय. मावशींनी रक्त द्यायला घर न् घर तयार केलं, कारण त्यांना स्वतःलाच एक कोडं होतं. "एका आईची दोन लेकरं, दोघांना त्योच आजार. एक हाडं धरून तळमळून राहिलं, दुसरं बोरं पाडून राहिलं. कामून? मशीन सांगत असंल तर सांगू दे की." प्यायला टँकरचं पाणी; पण नळ्यांच्या पेटीसाठी बर्फ त्या एसटीनं किनवटहून आणत.

मी तेव्हा किनवट जिल्हा व्हावा म्हणून पत्रकं काढत होतो. लांबच्या नांदेडचा जिल्हा दवाखाना गाठेपर्यंत पेशंटचे काय हाल होतात, याची मला चीड होती, आजही आहे. मावशींच्या गावाचं नाव घालून मी ठळक छापलं: 'या गावाच्या रक्तात रोग, सरकार झोपेत!' बाजारात पत्रकं वाटली आणि छाती फुगवून फिरलो.

आठ दिवसांत मावशींच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

"मी खरं तेच छापलं, मावशी," मी म्हणालो.

"खरंच हाय. पन रक्त दिलं आम्ही, अन् वाटलं तू."

आम्ही दोघं पाहुण्यांकडे गेलो. मुलीचा अहवाल निर्दोष होता. तो दाखवा, मिटलं, असं मी वाटेत सांगत होतो.

"न्हाई. आज हिचा दावला तर उद्या गावातल्या समद्या पोरींचा मागतील. जिचा तसा निघाला तिनं कुठं जावं?"

पाहुण्यांना त्या एवढंच म्हणाल्या, "तपासायचं तर दोघांचं तपासा. दोन्हीकडून आलं तरच लेकराला आजार व्हतो."

"आमच्या पोराला काय धाड भरली?" नवरदेवाचा बाप म्हणाला. लग्न मोडलं ते मोडलंच.

परतताना एसटीत मी त्या माणसाला शिव्या घालत होतो. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझं तपासलंस का रे?"

नव्हतं तपासलं. गावोगावच्या रक्तावर लिहिणाऱ्याला स्वतःचं ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आरोग्य केंद्रात नेऊन उभं केलं. काही दिवसांनी घडी घातलेला कागद हातात दिला. मी वाहक निघालो. आजार नाही, पण तो पुढं देऊ शकणारा.

"बायको करताना तिचं बी तपासून घे. ह्ये मी कुणाला सांगत न्हाई."

मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही, माझ्या आईलाही नाही. म्हणून हे मलाच लिहावं लागतंय. छापून येईल तेव्हा खाली माझं नाव असेल. गावाचं घातलेलं नाही.