एकदाच मावशी

छपरं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळी वस्ती 'एकदाच मावशी' म्हणायची. कारण शिडीवरून उतरताना दर वेळी तिचं एकच वाक्य, "माझं काम एकदाच. परत बोलवायला लागलं, तर नाव बदलीन." आणि खरंच, तिने ठोकलेला पत्रा उचकटायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. तोरा होता बाईला, पण तो तिला शोभायचा. शिडी धरणारा नवरासुद्धा तो स्वतःचाच असल्यासारखा मिरवायचा.

वळचणीची भोकं ती भर थंडीतच बुजवायची. तेव्हा पाखरांची, खारींची घरटी रिकामी असतात. कुणाचं घर मोडत नाही. यंदा मात्र थंडीने दगाच दिला. ऐन हिवाळ्यात घरोघरी पंखे फिरू लागले, झाडांना पालवी फुटली, वर अवकाळी पावसाचा अंदाज. घरवाल्यांचं धाबं दणाणलं आणि मावशीला जेवायलाही फुरसत मिळेना. निवृत्त नर्सबाईंच्या वळचणीला मुठीएवढं भोक होतं. त्यातून पाणी शिरून मागे एकदा छत फुगलं होतं. मावशीने पत्रा ठोकला, कडा सिमेंटने लिंपल्या, नेहमीचं वाक्य ऐकवलं आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्सबाईंचा फोन आला. "मावशी, एक खार तुमचा पत्रा ओरबाडतेय. आणि छताच्या वर बारीक चिरचिर ऐकू येतेय."

मावशीचा चहा हातातच राहिला. ऊब पाहून खारीने वेळेआधीच पिल्लं घातली होती. मावशीने महिना बघितला होता, हवा बघितलीच नव्हती.

"पाऊस पडून जाऊ दे," नवरा म्हणाला. "आज पत्रा काढलास तर लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. नाहीतरी बदलायचंच आहे. पिल्लं उपाशी आहेत, शिडी उचल."

आभाळ भरून आलं होतं. मावशी एकेक खिळा उपटू लागली, आणि आपलं काम किती पक्कं असतं ते तिला त्या दिवशी कळलं. घामाघूम झाली बिचारी. शेवटी भोक मोकळं करून ती खाली उतरली. खार काही येईना. थेंब पडू लागले. नर्सबाई एकदा आभाळाकडे बघत, एकदा आपल्या छताकडे, पण बुजवा म्हणाल्या नाहीत.

तेवढ्यात पन्हळीवरून खार धावत आली आणि आत शिरली. चिरचिर थांबली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भर पावसात ती पुन्हा चढली आणि त्याच पत्र्याची टोपी वाकवून भोकावर बसवली, एका बाजूने खारीपुरती वाट ठेवून. पाऊस रपरप कोसळला, छत कोरडंच राहिलं.

आता कुणाच्या दारात गेली, की मावशी ताठ मानेने सांगते, "माझं काम एकदाच. एक घर सोडून."

आणि ते घर कुठलं, हे समोरच्याने विचारल्याशिवाय ती शिडीला हात लावत नाही.