मामांचा रफू आणि बाबांचा दिवा

आमच्या घरात दोन हट्टी माणसं होती. एक माझे बाबा, दुसरे मामा. बाबा वायरमन, मामा रफूगार, आणि दोघांच्या मध्ये बिचारी आई.

एलईडी दिवे आले तेव्हापासून बाबांचं डोकं फिरलं होतं. जेवताना समोर कोणीही बसलं की सुरू! "जुन्या बल्बात तार तापते. तापून तापून पिवळी होते, तेव्हा कुठे उजेड पडतो. सगळी वीज उष्णतेत वाया! म्हणजे दिवा नव्हे, शेगडीच टांगलीय घरात." मग एलईडीचं गुणगान. त्यात तापवायला तारच नाही. नखाएवढी चकती, तिच्यातून वीज गेली की उजेड निघतो तो निळा. वर पिवळा लेप असतो, दोन्ही मिसळून पांढरा होतो. वीज कमी, आयुष्य जास्त. एलईडीला कोणी नावं ठेवली की बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आमच्या घरातला एक दिवा महिनाभरात गेला, तर म्हणाले, "दिवा ठणठणीत आहे, बुडातलं सर्किट गेलंय." अंधारात जेवलो, पण एलईडी निर्दोष सुटला.

मामांच्या दुकानात मात्र जुना बल्बच. वायरीला लोंबकळत अगदी नाकाजवळ आलेला. "याच्या उबेने बोटं वळतात," मामा म्हणायचे. खरं तर बाबा सांगतील ते करायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. पण हात सोन्याचा. कापडाच्याच रंगाचा दोरा शोधून असे धागे विणायचे की भोक कुठे होतं ते शिवणाऱ्या शिंप्यालाही सापडू नये.

एकदा एका बँकेतल्या साहेबांचा गडद निळा कोट रफूला आला. कोपरावर इस्त्रीने भोक पडलेलं. मामांनी डोळ्यात तेल घालून काम केलं, साहेब खूश होऊन गेले आणि दोन दिवसांनी तणतणत परत आले. ऑफिसात शिपायापासून सगळ्यांनी कोपरावरचा वेगळा रंग पाहून हसून घेतलं होतं.

"तुमच्या ऑफिसात दिवे कसले?" मामांनी विचारलं.

"एलईडी."

"झालं तर मग!"

साहेबांना कसंबसं वाटेला लावून मामा कोट आणि दोऱ्याचं रीळ घेऊन थेट आमच्याकडे आले. रविवारची दुपार होती. चेहऱ्यावर असा आनंद, जणू खटलाच जिंकलाय.

"भावोजी, तुमच्या दिव्याचे प्रताप बघा! माझ्या बल्बाखाली रंग तंतोतंत जुळला, तुमच्याखाली वेगळा पडला. हा बघा दोरा. निळाच आहे ना?"

बाबा बाह्या सरसावून उठले. कोट घेऊन गॅलरीत गेले, लख्ख उन्हात धरला. मीही मागून डोकावले. निळ्या कापडावर काळा चौकोन, आंधळ्यालाही दिसावा असा. बाबांनी रीळ उन्हात फिरवलं. काळं कुळकुळीत.

मला तर हसूच येणार होतं. जन्मभराच्या भांडणाचा निकाल बाबांच्या हातात होता. नुसतं "उन्हात या" म्हणायचा अवकाश.

बाबा आत आले. कोटाची घडी घातली, उगाच दोनदा. म्हणाले, "मेव्हणे, तुमचंच खरं. एलईडी रंग खोटा दाखवतो. रंग बघायचा तर जुना बल्बच हवा."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं थांबलं. मला बाबांचा रागच आला. एवढं धडधडीत खोटं? आणि मग एकदम कळलं, मामांना तो दोरा खरंच निळा दिसत होता.

मामांनी आता टाळी मागायला हवी होती. ते खुर्चीत टेकले. चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा रिळाकडे पाहिलं.

"भावोजी," ते म्हणाले, "त्या दिव्याबद्दल वाकडा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एवढे कसे बिघडलेत माझे डोळे?"

बाबांनी कोट बाजूला ठेवला. "मोतीबिंदू असेल हो. काढता येतो. उद्या मी येतो बरोबर, डॉक्टरकडे."

"तो निघेल," मामा म्हणाले. "पण इतके दिवस लोकांच्या अंगावर जे घालून पाठवलं, त्याचं काय?"

आई बाहेर आली आणि भावाशेजारी बसली.