टेडीची मान ढिली करताना

माझ्या बायकोचा टेडी मी मारला. हे गेली तीन वर्षं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

टेडी साधासुधा नव्हता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, माधवनगरच्या गिरणीत कामाला असताना ब्लँकेटच्या तुकड्यांतून सुनंदासाठी स्वतः शिवलेला. चाळीस वर्षांत त्याची मान डावीकडं पडली होती, हातपाय लुळे झाले होते. आमच्या लेकीच्या बाळाचं बारसं सांगलीत, आठ दिवसांवर. "बाळाच्या पाळण्यात माझा टेडी ठेवायचा. तुम्ही येताना जपून आणा," असं बजावून सुनंदा पुढं गेली. साताऱ्यात मी एकटा. म्हटलं, जरा धुऊन न्यावा. मशीनमध्ये टाकला. (बटण 'हेवी'वर. मी कारखान्यात फिटर, हलकं काम जमत नाही.) बाहेर आली ती लापशी.

ट्रंकेत त्याच ब्लँकेटचा उरलेला तुकडा सापडला. म्हटलं, हुबेहूब दुसरा शिवू. चहाच्या पाण्यात उकळून रंग जमवला. शिवणही कशीबशी जमली. घोळ झाला सांध्यांत. मानेला, खांद्यांना, मांड्यांना मी स्टीलचे वॉशर घालून नट-बोल्ट आवळले. टेडी परेडला उभा राहिल्यासारखा ताठ. एवढा जुना टेडी इतका धडधाकट कसा दिसेल? मग त्याचा हात ड्रिल मशीनला जोडला, म्हटलं फिरवून फिरवून झिजेल. शेजारचे रिटायर सुभेदार चहाचा कप घेऊन डोकावले.

"काय रं, ह्याला ट्रॅफिक पोलिसात भरती करतोस व्हय?"

तेवढ्यात टेडीचा हात निसटला आणि त्यांच्या चहात पडला!

शेवटी गादीवाल्या इस्माईलचाचांकडं गेलो. त्यांनी टेडी दाबून पाहिला.

"फिटरसाहेब, म्हातारपण नटात नसतंय, कापसात असतंय. वॉशर काढा. पुठ्ठ्याच्या चकत्या भिजवून मऊ करा, त्या घाला. मधनं एक पिन घालून तिची टोकं वाकवा. आन् सांध्याभवती कापूस कमी भरा. मान आपसूक पडंल."

पडली. डावीकडंच पडली.

बारशाला सुनंदानं टेडी छातीशी धरला आणि तिचे डोळे भरून आले. मी भिंतीकडं बघत राहिलो. आबांनी मात्र तो उचलला, एकेक सांधा फिरवला आणि मला खुणेनं मागच्या पडवीत नेलं.

"जावईबापू, आमी खिळं लावलं हुतं. ह्यात पिना हायत."

मी वळून पडवीचं दार लोटून घेतलं.

"मान झ्याक जमलीया. डावा पाय लय घट्ट हाय, पोरगी वळखंल." त्यांनी खिशातून सुईदोरा काढला, पायाची शिवण उसवली, चिमूटभर कापूस ओढला आणि टाके घातले. पाय लोंबला.

एवढ्यात सुनंदा आली. "आबा, काय झालं?"

"कुठं काय? जरा उसवलं हुतं."

"तुमच्या हातचं काम ते तुमच्याच हातचं," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं, "ह्यांना साधा सुईत दोरा ओवता येत न्हाई."

सुईनं भोकं पडलेली दहाही बोटं खिशात घालून मी मान डोलावली.

सुनंदाला खरं सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.