चुन्याचं बोट

"काय मनते मंग आज?" बाजारातून आला की वहाणा काढायच्या आधी तो हे विचारायचा. घरात विचारायला माणूस नव्हतं. विचारायचा तो खिडकीतल्या मोगऱ्याला.

कारंज्याला आमच्या शेजारी राहायचा. धान्याच्या बाजारात मापारी. दिवसभर पायलीने ज्वारी मोजून आवाज बसलेला. मापाऱ्याच्या तोंडून 'एक' निघत नाही, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं असतं, हे तुम्ही ऐकलं असेलच. हा घरीही तसाच. मोगऱ्याच्या कळ्यासुद्धा 'लाभ, दोन, तीन' अशा मोजायचा. मी भिंतीपलीकडून हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

मोगरा लेकीचा. बिनआईची एकुलती पोर. कामरगावला दिली तेव्हा फुटक्या माठात तो लावून बापाच्या हवाली करून गेली. "बाबा, मी बाळंतपणाले येईन तवा फुलं पाह्यजेत," एवढं म्हणाली आणि गाडीत बसली. बाहेर ठेवला तर शेळ्या फस्त करतील, म्हणून माठ घरात.

एका साली तिचा निरोप आला, उन्हाळ्यात बाळंतपणाला येते. आणि नेमकी तेव्हाच मोगऱ्याची नवी पालवी पिवळी पडायला लागली. जुनी पानं हिरवीगार, कोवळी मात्र हळदीसारखी, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाणी कमी पडून राह्यलं असंन," म्हणून पाणी वाढवलं. मग जास्त झालं म्हणून तोडलं. शेणखत घातलं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, काळा दोरा बांधला. मी म्हटलं, "भाऊ, आता काजळ घाला त्याले." तर हा खरंच विचारात पडला.

मग म्हणाला, "थट्टा नोका करू, वयनी. पोरगी येईन अन् हे असं दिसंन. बापाले येवढंसं झाड सांभाळता नाई आलं, असं वाटंन तिले."

एका संध्याकाळी मी ताक द्यायला गेले. तो माठाशेजारी बसला होता, बाजारातली कोणाची तरी भानगड झाडाला सांगत तंबाखू मळत होता. डबीतून बोटावर चुना घेतला, तंबाखूला लावला आणि बोटाला राहिलेला चुना माठाच्या काठाला आतून पुसला. रोजची सवय, त्याचं लक्षही नव्हतं. माझं गेलं. काठ आतून पांढराफटक होता, मातीवरही पापुद्रा धरलेला.

"भाऊ, हे काय व्हय?"

त्याने पाहिलं. नखाने खरवडून जिभेला लावलं.

"मनजे मीच चारून राह्यलो याले," तो म्हणाला. "अन् मी त रोज याच्याचपाशी बसतो."

सगळी माती बदलली. चुन्याला आंबट मारतं एवढं मला ठाऊक, म्हणून चिंचेचं पाणी घातलं. तंबाखू सोडायचंही त्याने मनावर घेतलं, पण ती काही सुटेना. मग त्याने झाडाजवळ बसणंच सोडलं. दारात बसायचा, तिथूनच चौकशी करायचा. पाणी मला घालायला लावायचा.

नवी पानं हिरवी आली. लेक आली तेव्हा झाड कळ्यांनी भरलं होतं. ती हरखली, पण चार दिवसांत रुसली. "बाबा, तुमी त याच्याकडं ढुंकूनई पाहत नाई. काकूच करते सारं."

"मले काय समजते त्याच्यातलं," तो दारातून म्हणाला. मी तोंड उघडलं, तर त्याने डोळ्यांनीच दटावलं. लेकीच्या झाडाला आपणच चुना चारला, ह्याची त्याला फार लाज होती.

दोनेक वर्षांनी तो तापाने गेला. तेरावं झालं, लेक घर आवरून निघाली. मोगऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, हे तुमीच ठेवा. बाबाचा जीव नोता याच्यात."

मग मात्र माझ्याने राहवेना. चुना, चिंच, दारातलं बसणं, सगळं सांगितलं. ती उभ्याने ऐकत राहिली. मग आत जाऊन माठ घेऊन आली. तिचा नवरा म्हणाला, गाडीत मागं कडब्यावर ठेव, रस्ता खराब आहे. तिने ऐकलं नाही. पोर त्याच्याकडे दिलं आणि माठ मांडीवर घेऊन बसली.