ओटीचा खण आणि दिव्याची शेड

ओटीसाठी ठेवलेला खण कुणी दिव्याला चिकटवतं का? आधी हे सांगा, नमस्कार मग करते.

आज सकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर माझी सून दिव्याच्या साध्या पांढऱ्या शेडवर खण डकवत बसलेली. गुलबक्षी रंगाचा, पिवळ्या काठाचा. आज संध्याकाळी नोएडाला माझ्या पुतणीचं डोहाळजेवण आहे. तिची ओटी भरायला तो खण मी मुद्दाम पुण्याहून मागवला होता.

"आई, बघा ना, बिल्कुल एथनिक लुक आलाय!"

लुक गेला चुलीत. कात्रीने गोल कापलाय, वर गोंद थापलाय. आता पोरीच्या ओटीत काय घालू, ही टोपी?

मुलगा म्हणतो, "सोड ना यार आई. मार्केटमधून कुठलंही कापड घे."

म्हटलं, "तुझ्या वेळी माझ्या ओटीत कुणी फडकं घातलं नव्हतं रे, तरी असा निपजलास!"

आणि दिवा लावला तर उजेडच पडेना. एवढ्या जाड कापडातून काय कपाळ उजेड येणार? मी चौथी पास, मला कळतं. ही मोठी शिकलेली, मोबाईलवर बघून घर सजवते.

तर ग्रुपवरच्या, आपल्या दिल्लीच्या द्वारकेतल्या बायकांनो, चारला निघायचंय. कुणाकडे कोरा खण आहे? ज्यांच्याकडे असेल त्यांनीच लिहा. "दिव्याचा फोटो टाका" म्हणणारीने तोंड उघडू नये.