आईने बसून पाहिलेला समुद्र

परवा ऑफिसात एका मुलीने विचारलं, कोकण रेल्वेत समुद्र कुठल्या बाजूच्या खिडकीतून दिसतो? मला इतकं हसू आलं की हातातला चहा सांडला... कारण हाच घोळ मी वीस वर्षांपूर्वी घातलाय. तोही आईसोबत!

तेव्हा आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. आईने एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला सव्वीस वर्षं काढली, सगळी उभ्याने. गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वर्षभरात चालणं बंद.

आई ऐकेल तर शपथ! महिनाभर मी डोकं फोडलं. शेवटी बाईसाहेबांनी अट घातली... "आधी मला समुद्र दाखव. बसून."

आता समुद्र तिने पाहिलाच नव्हता असं नाही. दर सहा डिसेंबरला आम्ही दादरला जायचोच. पण तो रांगेतून, आमच्या लहानपणी तिच्या कडेवर कधी मी, कधी भाऊ, आणि स्वयंसेवकांचं चालूच... पुढे चला, पुढे चला. तिला एकदाच गाडीच्या खिडकीशी निवांत बसून समुद्र बघायचा होता, कोणी पुढे चला न म्हणता. तसं झालं तर ऑपरेशन. नाही झालं तर डॉक्टरांना लांबूनच जय भीम.

मी म्हटलं, एवढंच ना? रेल्वेच्या टाइमटेबलात नकाशा होता, त्यात कोकण रेल्वेची रेघ समुद्राला अगदी चिकटून काढलेली. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, दिवा स्टेशनातून पॅसेंजर पकडायची आणि रत्नागिरीपर्यंत उजव्या हाताला समुद्रच समुद्र!

गणपती होऊन गेले होते, गाडीला गर्दी नव्हती. आईला उजवीकडची खिडकी मिळाली. तिने चपला काढल्या, पाय समोरच्या बाकावर पसरले, भाकरी आणि सुकटीची चटणी मांडीवर घेतली आणि जाहीर केलं, "आता मी उठत नाही."

रोह्यापर्यंत मी मजेत होते. मग सुरू झालं... डोंगर, बोगदा, डोंगर, बोगदा. क्रॉसिंगला गाडी कुठेही थांबायची, खाली उतरून लोक चहा पिऊन यायचे. सगळं हिरवंगार, कड्यांवरून अजून पाणी उतरत होतं, पण समुद्राचा पत्ता नाही.

प्रत्येक बोगद्यानंतर आई माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, येईल गं... आणि पुढचा बोगदा यायचा.

शेवटी टीसीला गाठलं. तो हसायलाच लागला. "मॅडम, नकाशात जी बोटभर जागा दिसते ना, तिच्यात डोंगरच्या डोंगर आहेत. ह्या गाडीतून कुठला समुद्र!"

मला रडूच आलं. समुद्र नाही म्हणजे ऑपरेशन नाही. ही बाई शब्दाची इतकी पक्की की उद्या घरात सरपटेल, पण माघार घेणार नाही. पण मीही तिचीच मुलगी! ठरवलं, समुद्र दाखवल्याशिवाय परत जायचं नाही. मग मी अख्ख्या डब्यात एकेकाला विचारत सुटले. काहीतरी दिसतं का हो? कुठे तरी? थोडंसं?

बहुतेकांनी मला वेड्यातच काढलं. दाराजवळ मात्र एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या, चिपळूणकडच्या, खाडीकाठच्या, सकाळी ह्याच वाटेने बाजाराला जाऊन परतणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, किती वाजले ते विचारलं, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि टोपली उचलून थेट आईच्या शेजारी येऊन बसल्या.

थोड्या वेळाने पूल आला. गाडी रांगत होती. खाली करडं, रुंद पाणी, काठाला काळे खडक, दोन होड्या, आणि खिडकीतून खारट वारा आत आला. आई सावरून बसली. "हाच का गं?"

खोटं बोलवेना. "नाही आई, ही खाडी आहे. माझंच चुकलं. ह्या गाडीतून समुद्र दिसत नाही."

तेवढ्यात मावशी माझ्यावर खेकसल्या, "चुकलं काय त्यात? भरती लागलीय, दिसत नाय तुला? सकाळी हितं निस्ता चिखल होता. ह्यो सगळा दर्याच आत आलाय!"

आई पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी बसले... आणि तो आला?"

"आला की. दिवसातून दोनदा येतो."

आई जी हसली... सव्वीस वर्षं पॅकिंगला उभी राहिलेली माझी आई, पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी हसत होती. पूल संपला तरी ती मान वळवून मागे बघत होती. मावशी चिपळूणला उतरल्या. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही, आणि ते मनाला आजही लागतं.

रत्नागिरीला सगळे उतरले, आई बसलेलीच. झाडूवाला म्हणाला, आजी, गाडी पुढे जात नाही. "मला तरी कुठे जायचंय?" आई म्हणाली. "बसू दे रे पाच मिनिटं." मग माझ्याकडे वळून, "त्या डॉक्टरला विचार, तारीख कधीची देतो."

रात्री रत्नागिरीतच माझ्या एका मैत्रिणीकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल, रिक्षाने खरा समुद्र दाखवते. नको म्हणाली. बघितला की!

ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षीच्या सहा डिसेंबरला ती स्वतःच्या पायांनी रांगेत उभी होती. समुद्र दिसला तशी मी मुद्दाम रेंगाळले, तिला जरा बघू दे म्हणून. मागून आवाज आला, "आजी, पुढे चला."

आईनेच मला कोपराने ढोसलं. "चल गं. थांबतेस कशाला? तो येऊन गेलाय माझ्याकडे."