ओटीत घातलेली माफी

'सॉरी' या शब्दाची मला किळस येते. मी शाळेत शिकवते, त्यामुळे तो दिवसभर कानावर पडत असतो. दुसऱ्याच्या डब्यात हात घातला, सॉरी. बाकावरून ढकललं, सॉरी. शिंक यावी तसा तो शब्द येतो आणि म्हणणाऱ्याचं तोंड तेव्हा भलतीकडेच असतं. पण पोरांना तरी काय बोलायचं? ती आपलंच पाहून शिकतात. आपण मोठ्या माणसांनी माफीचं काय करून ठेवलंय, ते मी मागच्या उन्हाळ्यात माझ्याच घरात पाहिलं.

आम्ही झरीला राहतो. शेजारच्या काकूंची गच्ची आणि आमची गच्ची, मध्ये फक्त गुडघाभर भिंत. काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात मांडायच्या कुरडया त्या घरीच करत होत्या. कुरडई तळून खाणाऱ्याला तिच्यामागचा वास माहीत नसतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तरी ते आंबतातच आणि घरभर असा दर्प सुटतो की पाहुणा दारातूनच परत जाईल. मग ते वाटायचे, चीक काढायचा, निवळू द्यायचा, शिजवायचा आणि चटके बसत असतानाच सोऱ्यातून पिळायचा. काकूंचा उजवा खांदा कायमचा दुखरा. तरी त्यांनी ताटाएवढाल्या गुलाबी, हिरव्या कुरडया घातल्या आणि गच्चीवर जुन्या साडीवर वाळत टाकल्या.

त्या दुपारी मी लेकीला वर पाठवलं, टाकीचा पाइप खाली कूलरकडे सोडायला. ती दहा वर्षांची. सोबत तिची मैत्रीण होती. दोघींनी एकमेकींवर पाणी उडवायला सुरुवात केली आणि ते सगळं भिंतीपलीकडं गेलं. अर्धवट वाळलेल्या कुरडयांचा लगदा झाला. माझ्या लेकीनं त्यावर साडीचं टोक ओढलं आणि गुपचूप खाली येऊन कूलरपुढं बसली. संध्याकाळी काकूंचा आरडाओरडा ऐकून सगळे वर धावले, तेव्हा ती म्हणाली, "वानरं आलती. मी बघितली."

पाणी तोवर उन्हानं आटलं होतं आणि वानरं आमच्याकडं येतातच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी काकू उरलेल्या चार कुरडया राखत भर उन्हात काठी घेऊन बसल्या. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला. दिवस मावळता त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी पन्हं घेऊन गेले. माझी लेक माझ्यामागं उभी राहून सगळं पाहत होती आणि गप्प होती.

खरं काय ते मैत्रिणीच्या आईनं येऊन सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाण्याचं एक वेळ सोडून दिलं असतं, पोरं पाण्यात खेळणारच. पण आपल्या खोटेपणापायी एक बाई उन्हात बसलीय, हे दिसत असताना ही पोरगी जेवली, झोपली. माझीच पोरगी. मी तिला म्हटलं, "उद्या माझ्यासंग यायचं आन् काकूंना सगळं सांगायचं."

ती रडत म्हणाली, "आई, तूच सांग ना."

"न्हाई. खोटं तू बोललीस, खरं बी तूच बोलायचं."

पण उद्याच्या आत ही गोष्ट माझ्या दिराच्या कानावर गेली आणि तिथंच माती झाली. आमच्या दिराला पुढारपणाची भारी हौस. गल्लीत नालीवरून भांडण होवो की पत्र्याच्या पागोळीवरून, हे मध्ये पडणार. दोघांना खुर्चीवर बसवणार, शाल, नारळ, चहा, फोटो. भांडण कशावरून होतं हे शेवटी कुणाच्या लक्षात राहत नाही, फोटो तेवढा राहतो.

सकाळची शाळा करून मी घरी आले तर काकूंच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. गल्लीतली माणसं जमलेली. माझ्या लेकीच्या अंगावर वाढदिवसाचा फ्रॉक. दीर उभं राहून बोलत होते, "लेकरू हाय, खेळता खेळता पाणी उडालं. पर चूक कबूल करायला लय मोठं मन लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, देव जाणे. मग माझ्या जावेनं काकूंना कुंकू लावलं आणि त्यांच्या ओटीत खण-नारळ घातला. आता भरलेली ओटी काही परत करता येत नाही. लेकीचं लग्न तोंडावर आलेल्या बाईला तर नाहीच नाही. काकूंनी पदर पुढं केला. माझी लेक वाकली, पाया पडली, "सॉरी काकू" म्हणाली आणि दिरांच्या फोनकडं बघून हसली.

मी तशीच घरात निघून गेले. ज्या बाईचं नुकसान झालं तिचा सत्कार करून तिचंच तोंड बंद केलं आणि जिनं केलं तिचं कौतुक. आणि त्या सगळ्या सोहळ्यात वानरांचं नाव कुणी काढलं नाही.

दीर घरी आले तसं मी म्हटलं, "भाऊजी, ही खोटं बोलली त्याचं काय?"

"वैनी, मिटलं ना आता. कशाला उकरायलाव?"

फोटो गावच्या ग्रुपवर गेला. 'चूक मान्य करणारी आमची लेक. असे संस्कार हवेत.' खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. दिरांनी आपल्या फोनचा डीपीही तोच ठेवला.

ह्या संस्काराचं फळ लगेच आलं. त्याच आठवड्यात ओसरीवर लेकीची त्या मैत्रिणीशी कुरबूर झाली. हिनं तिच्या चित्रावर रंगाचं पाणी ओतलं. ती रडायला लागली तशी ही शांतपणे म्हणाली, "पाया पडू का? पडते. झालं?" तो सूर हुबेहूब दिरांचा होता. मला माझ्या पोटच्या पोरीची त्या क्षणी किळस आली आणि मी भ्यालेही. अशीच वाढली तर ही जन्मभर लोकांचं वाटोळं करील आणि वर खण-नारळ वाटत फिरेल.

मी तिचा हात धरून तिला काकूंच्या दारात नेलं. टाळ्या वाजवायला तिथं कुणी नव्हतं. ती माझ्याकडं बघू लागली. मी मदत केली नाही. शेवटी ती म्हणाली, "काकू, वानरं न्हवती आली. म्या खोटं सांगितलं. तुमी उन्हात बसलता तवा बी मला माहीत होतं."

काकूंनी तिच्याकडं पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "बाई, त्या दिशी एवढे लोक जमलते, हे कुणीच बोललं न्हाई." मग आत वळता वळता, "गहू भिजवा. सोऱ्या माझ्याकडं हाय."

गहू आमच्या घरात भिजले. पाणी बदलायचं काम लेकीचं. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. मग वास सुटला. ती नाक दाबून म्हणाली, "आई, मला उलटी यायलीय."

"काकूंना बी आलती," मी म्हटलं.

तिनं नाकावरचा हात काढला आणि पातेलं उचललं. गहू वाटायला, चीक गाळायला ती माझ्याबरोबर होती. कोपरापर्यंत हात बरबटलेले, केसांना तोच दर्प. जाऊ मधूनमधून "लेकराचे हाल" म्हणून हळहळत होती. मी लक्ष दिलं नाही.

शिजवलेला चीक घेऊन आम्ही काकूंच्या गच्चीवर गेलो. काकू सोऱ्या भरून देत होत्या आणि लेक दोन्ही हातांनी दाबत होती. गोल वाकडेतिकडे यायचे. काकू ते बोटानं सारखे करायच्या. तिच्याशी त्या एक शब्द बोलत नव्हत्या, आणि तो त्यांचा हक्क होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दीर आले. हातात फोन. "वा, वा! थांब गं, अशीच थांब."

"काका, फोटो नका काढू," लेक म्हणाली. "आन् तो आधीचा बी काढून टाका."

"का गं? लय चांगला आलाय."

"काकू रडायल्यात त्याच्यात."

"येडी का काय! हसायल्यात त्या."

"न्हाई. नीट बघा."

दिरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. बघत राहिले. गल्लीनं पाहिलेला, गावानं हात जोडलेला तो फोटो. मग त्यांनी फोन खिशात घातला.

काकूंनी मान वर केली नव्हती. त्यांनी सोऱ्या भरला आणि लेकीच्या हातात दिला.

"दाब," त्या तिला म्हणाल्या, "चीक गार व्हायलाय."